काळा दिसला म्हणून

दिवाळी झाली, कापूस जिनिंगला निघाला, की माझ्या काउंटरवर एक प्रश्न हमखास येतो. "शेठ, धुऊन परत वापरता येईल असा एअर फिल्टर आहे का?" विचारणारा बहुतेक वेळा जुन्या ट्रकचा मालक असतो. एक गाडी, फार तर दोन, त्यातली एक स्वतः चालवणारा. नव्या गाडीवाल्याला हा प्रश्न पडत नाही. त्याची गाडी कंपनीच्या सर्व्हिसला जाते आणि बिलात जे लिहून येतं ते तो कुरकुरत भरतो. जुन्या गाडीवाल्याला मात्र बोल्टापासून बेल्टापर्यंत प्रत्येक वस्तूवर घासाघीस करावी लागते. गाडीला आठ वर्षं झाली की दरवर्षी फिटनेस, वर टायर, वर विमा, आणि भाडं मात्र शेजारी उभी असलेली नवी गाडी ठरवणार. अशा माणसाला कुणी सांगितलं, की एकदा पैसे टाक आणि जन्मभर धुऊन वापर, तर त्याचे डोळे चमकणारच.

जळगाव-भुसावळ पट्ट्यात महामार्गालगत माझं स्पेअरचं दुकान आहे. कागदी, म्हणजे वापरून फेकण्याचे फिल्टर विकतो, धुण्याचा हवा असेल तर मागवूनही देतो. कागदी जास्त खपले तर माझा फायदा, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही तुमचा हिशेब लावू शकाल. पण माझं म्हणणं धंद्याच्या थोडं उलटंच जातं. इतकी वर्षं उघडलेले फिल्टरचे डबे पाहून माझं मत असं झालंय, की फिल्टर धुण्याचा आहे का फेकण्याचा, ही पुढची गोष्ट. त्याला वर्षभरात किती वेळा हात लागतो, यावर इंजिन किती चालेल ते ठरतं. हात जितका कमी, तितकं बरं.

हे पटायला आधी गाडी हवा किती खाते ते बघावं लागतं. टाटाच्या जुन्या सहा सिलिंडरच्या ६९७ इंजिनाचं उदाहरण घ्या. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ९७ मिलिमीटर, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, १२८; म्हणजे सहा सिलिंडर मिळून साधारण पावणेसहा लिटर. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा श्वास घेतं. मिनिटाला दोन हजार फेऱ्यांवर गाडी ओढत असेल तर मिनिटाला पाच हजार लिटरच्या आसपास हवा आत जाते. तासाला धरली तर दहा बाय दहाच्या, दहा फूट उंचीच्या दहा खोल्या भरतील एवढी. जळगावहून सुरतेला माल भरून निघालेली गाडी कोंडाईबारीचा घाट उतरून नवापूर ओलांडेपर्यंत एखाद्या मोठ्या शाळेतली सगळी हवा पिऊन बसलेली असते. डिझेलचा भाव सगळ्यांना तोंडपाठ. हवा फुकट आहे म्हणून तिचा हिशेब कुणी ठेवत नाही.

आणि आपली हवा कसली, हे खान्देशातल्या माणसाला सांगायला नको. काळ्या जमिनीची माती पावसाळ्यात टायरला चिकटते, आणि उन्हाळ्यात तिचीच इतकी बारीक भुकटी होते की पुढच्या गाडीचा नुसता लोट दिसतो, गाडी दिसत नाही. रावेर-यावलकडे केळीची गाडी थेट बांधापर्यंत जाते. भरून डांबरीला लागेपर्यंतचा जो शेतरस्ता आहे, तेवढ्यात महामार्गावरच्या कितीतरी किलोमीटरची धूळ आत जाते. जिनिंगच्या आवारात रुईचे तंतू तरंगत असतात; ते फिल्टरपर्यंत पोचतही नाहीत, तोंडाच्या जाळीवरच गादी घालतात. इंजिन गुदमरतं, आणि मालक म्हणतो फिल्टर बदला. फिल्टर बिचारा शाबूत असतो. जाळीवरून हात फिरवून ती गादी ओढून काढली की काम झालं. दीपनगरच्या औष्णिक केंद्रातून राख वाहणाऱ्या गाड्यांची गोष्ट वेगळी, तिच्याकडे पुढे येतो. चौपदरीकरणाच्या काळात तर खडी, मुरूम आणि सिमेंट यांचं मिश्रणच सगळ्यांनी वर्षानुवर्षं खाल्लं, माणसांनीही आणि गाड्यांनीही.

डोळ्यांना दिसणारी धूळ इंजिनाला फारशी मारत नाही. मारते ती न दिसणारी. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. लायनर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, आणि पिस्टनवरची रिंग यांच्यामध्ये ऑइलचा जो पापुद्रा असतो, तो काही मायक्रॉनांचा. त्याच मापाचा, पाच ते वीस मायक्रॉनचा कण आत शिरला की तो ऑइलच्या पापुद्र्यातून दोन्हीकडे घासत जातो. वाळूतला गारेचा कण लोखंडापेक्षा कडक असतो. लायनर झिजतो, कण झिजत नाही. मग क्रँककेसमधून, म्हणजे इंजिनाच्या खालच्या डब्यातून, धूर बाहेर यायला लागतो, ऑइल मोजायच्या डिपस्टिकच्या भोकातून फुसफुस ऐकू येते, ऑइल कमी पडायला लागतं. मालक म्हणतो गाडी जुनी झाली. गाडी जुनी झाली हे खरं, पण तिला कुणीतरी आतून पॉलिशपेपर मारत होतं हेही खरं. इंजिन बांधायचं म्हटलं की लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग, मशीनशॉपचं काम आणि गाडी उभी राहिलेले दिवस, सगळं मिळून आकडा लाखाच्या घरात जातो. फिल्टरची किंमत हजाराच्या आतबाहेर.

जुन्या लोकांना धुण्याचा फिल्टर ही काही नवी गोष्ट नाही. १९५४ साली टाटांनी डाइमलर-बेन्झशी करार करून जमशेदपूरला ट्रक काढायला सुरुवात केली, तो करार १९६९ मध्ये संपला, तरी त्या घडणीच्या गाड्या पुढेही कितीतरी वर्षं आपल्या रस्त्यांवर होत्या. त्या पिढीच्या गाड्यांवर ऑइल बाथच असायचा. ट्रॅक्टरवर तो अजूनही बघायला मिळतो. खाली वाटी, वाटीत खुणेपर्यंत ऑइल, वर तारेची जाळी. हवा मधल्या नळीतून वेगानं खाली येते, ऑइलच्या तोंडाशी एकदम उलटी वळते. हवा वळते, जड धूळ वळू शकत नाही, ती सरळ ऑइलमध्ये जाऊन पडते. वर जाणारी हवा ऑइलचे थेंब उडवत नेते, त्यांनी जाळी ओली राहते आणि उरलेली धूळ त्या ओल्या तारांना चिकटते. फेकायचं काही नाही. वाटी काढा, गाळ खरवडा, जाळी रॉकेलमध्ये खळबळून घ्या, नवं ऑइल भरा.

ही वाटी मी पुष्कळदा उघडी पाहिली आहे, आणि तिच्याइतकी खरं बोलणारी वस्तू गाडीत दुसरी नाही. नीट ठेवलेल्या गाडीच्या वाटीत वर ऑइल, खाली बोटाच्या पेराएवढा मऊ गाळ. बोटानं उचलला तर मेणासारखा लागतो, दोन बोटांत चोळला की मग बारीक कचकच जाणवते. तीच कचकच लायनरला लागायची होती, ती वाटीत थांबली. दुर्लक्ष केलेल्या गाडीच्या वाटीत ऑइल नसतंच. तळापर्यंत काळी ढेप, स्क्रूड्रायव्हर उभा राहील इतकी घट्ट. अशा वाटीवरून हवा नुसती वळून जाते. आणि फाजील काळजी घेणाऱ्याच्या वाटीत ऑइल खुणेच्या वर. हे सगळ्यांत वाईट. जास्तीचं ऑइल हवेबरोबर इंजिनात ओढलं गेलं, तर डिझेल इंजिन ते ऑइलच जाळून पळायला लागतं, चावी बंद केली तरी थांबत नाही. मिस्तरी लोक ऑइल बदलताना निघालेलं जळकं ऑइल वाटीत भरतात, वाया कशाला घालवायचं म्हणून. आधीच काजळीनं घट्ट झालेल्या ऑइलात धूळ कशी मुरणार? वाटीत इंजिनचंच स्वच्छ ऑइल भरावं, असं जुन्या पुस्तिकांत छापलेलं असायचं. ती पुस्तिका गाडीबरोबर दुसऱ्या मालकापर्यंत पोचलेली मी तरी पाहिली नाही.

ऑइल बाथचं एक दुखणं जन्मजात आहे. त्याचं सगळं काम हवेच्या वेगावर चालतं. गाडी घाटात ओढत असेल तेव्हा तो जोरात असतो. मार्केट यार्डात रांगेत इंजिन चालू ठेवून उभी असेल तेव्हा हवा सावकाश वळते आणि बारीक धूळ तिच्याबरोबर वळून वर जाते. कागदी फिल्टर शंभरातली साडेनव्याण्णव किंवा त्याहून जास्त धूळ अडवतो. ऑइल बाथ चांगल्या अवस्थेत पंचाण्णव ते अठ्ठ्याण्णवच्या आसपास. ऐकायला फरक किरकोळ वाटतो. पण उलटीकडून बघा. शंभर ग्रॅम धूळ तोंडाशी आली तर कागदातून अर्धा ग्रॅम आत जाते. शहाण्णव टक्के अडवणाऱ्या ऑइल बाथमधून चार ग्रॅम. आठपट. परीक्षेत शहाण्णव आणि साडेनव्याण्णव मार्कांत फरक नसेल, लायनरसाठी आहे.

म्हणून कागद आला आणि टिकला. कागदाची गंमत अशी, की तो नवा असताना सर्वांत कमी काम करतो. घड्यांवर पहिली धूळ बसते, तिचा थर होतो, आणि पुढची धूळ कागदापेक्षा तो थरच जास्त अडवतो. म्हणजे थोडा मळलेला फिल्टर कोऱ्या फिल्टरपेक्षा चांगला. हे मी गिऱ्हाइकाला सांगतो तेव्हा तो माझ्याकडे संशयानं बघतो. दुकानदार नवा माल न घ्यायला सांगतोय म्हणजे याच्याकडे स्टॉक नसणार.

काळा दिसला म्हणून फिल्टर संपला, असं नसतं. तो संपला का नाही, हे त्यातून हवा ओढायला इंजिनाला किती जोर लागतो यावर ठरतं. बऱ्याच गाड्यांच्या पाइपवर त्यासाठी छोटा इंडिकेटर असतो, खिडकीत लाल पट्टी वर आली की बदला. जुन्या गाडीवर तो एक तर नसतो, असला तर फुटलेला असतो. माझ्या ओळखीच्या एका मिस्तरीनं यावर जो तोडगा काढला तो मला फार आवडला. गवंडी लेव्हल काढायला जी पारदर्शक नळी वापरतो, तिचा लांबसा तुकडा त्यानं इंग्रजी यू अक्षरासारखा फळीवर ठोकला, शेजारी शिंप्याची टेप चिकटवली, नळीत पाणी भरलं. एक तोंड उघडं, दुसरं फिल्टरच्या पुढच्या, म्हणजे इंजिनाकडच्या पाइपला, इंडिकेटरच्या बुचाच्या जागी. टर्बो, म्हणजे हवा दाबून भरणारा पंखा, नसलेल्या डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखा हवेचा पडदा नसतो. गाडी उभी ठेवून अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी ते जवळपास पूर्ण हवा ओढतं. त्यामुळे माप जागेवरच मिळतं. इंजिन ओढायला लागलं की एका बाजूचं पाणी वर चढतं. दोन्ही बाजूंच्या पाण्यात २० इंचांच्या आसपास फरक पडला तर साध्या इंजिनाचा फिल्टर संपला. टर्बोवाल्यांना ही मर्यादा २५ इंचांपर्यंत देतात, पण त्यांचं माप लोड असतानाच घ्यावं लागतं.

एकदा चोपड्याकडचे एक भाऊ नवा फिल्टर घ्यायला आले. जुना काढून हातातच आणला होता, अक्षरशः कोळशासारखा काळा. म्हटलं, परत बसवा, आधी पाणी बघू. मिस्तरीनं नळी लावली, अॅक्सिलरेटर दाबला. पाणी चढलं, पण दोन्ही बाजूंतला फरक दहा इंचांच्या आतच थांबला. सोडला, खाली आलं. पुन्हा दाबला, पुन्हा तिथंच. म्हटलं, अजून निम्मं आयुष्य बाकी आहे, जा. सकाळची भवानी चांगली झाली होती म्हणून एवढं औदार्य, हेही खरं. पण त्यांना फिल्टर मिळाला नाही याचंच जास्त वाईट वाटलं.

आता आपल्याकडे प्रत्यक्षात काय होतं ते बघा. आपल्याकडे फेकण्याचा फिल्टर अस्तित्वातच नाही. पुठ्ठ्यावर कंपनी काहीही छापो, खान्देशात प्रत्येक कागदी फिल्टर धुण्याचाच असतो. पंक्चरच्या दुकानावर हवा भरायला गाडी थांबली, की क्लीनर फिल्टर काढून आणतो आणि त्याच पाइपनं त्यावर हवा मारतो. ट्रकच्या टायरमध्ये शंभर पौंडांच्या वर हवा भरतात, म्हणजे कॉम्प्रेसर त्याहून जास्त दाबाचा. कागदी फिल्टरला हवा मारायचीच असेल तर ती तीस पौंडांच्या आत, आतून बाहेर, आणि नळी लांब धरून. आपला क्लीनर बाहेरून आत, नळी कागदाला टेकवून, आणि धुळीचा ढग उठला की खूश. शेजारचा म्हणतो, बघ किती घाण निघाली. निघाली त्याहून जास्त आत गेली, आणि कागदाला सुईच्या टोकाएवढी भोकं पडली ती वेगळी. काही जण टायरवर आपटतात. आपटला की टोकाची पत्र्याची टोपी चेपते, रबराची सील वाकडी होते, आणि मग हवा कागदातून जातच नाही, कडेनं जाते.

पडलेली भोकं दिसतात. दुकानाचं शटर अर्धं ओढून फिल्टरच्या आत बल्ब सोडायचा. चांगल्या कागदातून सगळीकडून मंद तांबूस उजेड येतो. भोक असेल तिथं चांदणी चमकते. हे मी गिऱ्हाइकाला दाखवतो तेव्हा ते गप्प होतात. बोलून पटत नाही ते याने पटतं. दुसरी परीक्षा याहून सोपी: फिल्टर आणि इंजिन यांच्यामधला पाइप काढून आत पांढरं फडकं फिरवायचं. तिथं धुळीला यायला काही कामच नाही. फडक्यावर मातकट रेघ उमटली, तर फिल्टर कुठलाही असो, कितीही महाग असो, आपलं इंजिन माती खातंय.

ज्या डब्यात दोन फिल्टर असतात, बाहेर मोठा आणि आत छोटा, त्यातला आतला तर कधीच साफ करायचा नसतो. बाहेरचा साधारण तीनदा बदलला की आतला एकदा नवा टाकायचा, मध्ये हात लावायचा नाही. पण तो छोटा, सुबक आणि धरायला सोपा असल्यामुळे क्लीनर आधी त्यालाच झटकतो.

मग ते धुण्याचे, खरेखुरे धुण्याचे, सुती जाळीचे? ही कल्पना अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाची. के अँड एन ही त्यातली सर्वांत गाजलेली कंपनी १९६९ मध्ये तिथंच सुरू झाली, मोटरसायकलींच्या नादातून. तारेच्या दोन जाळ्यांमध्ये सुती कापडाचे थर, त्यावर लालसर तेल. हवा मोकळी जाते, धूळ तेलाला चिकटते. धुवायचं म्हणजे त्याचं वेगळं रसायन मारायचं, थोडा वेळ मुरू द्यायचं, स्वच्छ बाजूनं मंद पाण्यानं धुवायचं, सावलीत पूर्ण वाळू द्यायचं, मग घडीघडीवर मोजून तेल सोडायचं आणि ते पसरेपर्यंत थांबायचं. तेल कमी पडलं तर धूळ सरळ आरपार. जास्त पडलं तर नव्या गाड्यांत हवा मोजणाऱ्या सेन्सरवर चिकटतं. जुन्या गाडीला सेन्सरच नाही, त्यामुळे ही एक भीती तिला नाही. हा तिचा खरा फायदा. मोकळ्या हवेनं गाडी पळते असं जे म्हणतात, ते मात्र जुन्या डिझेलला लागू नाही. तिचं डिझेल पंप ठरवतो; हवा आधीच पुरेशी असेल तर आणखी मोकळी करून काही हाती लागत नाही. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांवर हवाच विरळ होते, वीस अंशांच्या मानानं आठ टक्के कमी. त्यामुळे जो काळा धूर निघतो, तो कुठल्याही फिल्टरनं जात नाही.

अमळनेरकडच्या एका ड्रायव्हर-मालकानं टाटाच्या चारशेसात (४०७) गाडीसाठी असा फिल्टर मागवण्याचं मनावर घेतलं होतं. धुण्याची पद्धत ऐकून घेतली, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "दादा, फिल्टर ते मी धुई टाकसू, पन गाडी एक दिन उभी ऱ्हायनी ते हप्ता कोन भरी?" याच्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. धुण्याच्या फिल्टरची किंमत नुसती त्याच्या पावतीवर नसते. त्याला वाळायला दिवस लागतो, सावली लागते, आणि त्या दिवशी भाडं आलं तर अर्धवट ओला फिल्टर चढवण्याचा मोह टाळणारा माणूस लागतो. एक उपाय आहे, दोन फिल्टर ठेवायचे, एक चढवलेला, एक वाळलेला. पण मग बचतीचा हिशेब तिथंच निम्मा होतो.

तरी शिरपूरकडचे एक काका मला माहीत आहेत, जुनी चारशेसात, १९८६ साली ही गाडी बाजारात आली त्याच्या नंतर थोड्याच वर्षांतली. गावातला किराणा आणतात, रविवारी गाडी हलत नाही. त्यांचा सुती फिल्टर अंगणात दोरीवर, उन्हात नाही, ओसरीच्या सावलीत असतो. तेलाची बाटली देवघराच्या कपाटात, कुणी हात लावू नये म्हणून. त्यांच्या पाइपमध्ये फडकं फिरवलं, कोरं निघालं. त्यांना मी कागदी घ्या असं कधी म्हणणार नाही. पण हे काका म्हणजे चपलेचा अंगठाही स्वतः शिवणारे.

राखेच्या गाडीवाल्याला मात्र मी सुती फिल्टर विकत नाही, भांडण झालं तरी. उडती राख म्हणजे बारीक काचेसारख्या गोळ्या, सिलिका आणि अॅल्युमिनाच्या. त्यातल्या पुष्कळ इतक्या बारीक की सुती थरांतून त्या कागदापेक्षा सहज पुढे सरकतात. तिथं चांगला कागद, आतला छोटा फिल्टर न चुकता, आणि डब्याच्या तळाशी असलेली ती रबरी चोच रोज दाबून धूळ पाडायची. ही चोच फार गमतीची वस्तू. गाडी धडधडली की आपोआप उघडझाप करून धूळ खाली टाकते. फाटली तर धूळ टाकण्याऐवजी खालून हवा ओढते. चहाच्या किमतीत येते आणि बदलायला कुणी येत नाही.

कागदाचीही एक बाजू मला सांगितली पाहिजे, नाहीतर पक्षपात होईल. डुप्लिकेट. पुठ्ठा हुबेहूब, छपाई कधी कधी खऱ्यापेक्षा ठळक, आणि आत घड्या कमी. कागद कमी म्हणजे लवकर भरतो. गोंद कडक, उन्हाळ्यात तडकतो. सील दाबली तर परत फुगत नाही. असा कागदी फिल्टर नीट ठेवलेल्या ऑइल बाथपेक्षा वाईट. घेताना जुना बरोबर आणा, शेजारी ठेवा, घड्या मोजा, सील नखानं दाबून बघा. दुकानदार चिडला तर समजून जा.

फेकलेल्या फिल्टरचं काय होतं हेही बघितलंय. भंगारवाला पत्र्याच्या टोप्या आणि जाळी ठेवतो, कागद शेकोटीत. धुतलेल्याचं काय होतं? वर्कशॉपमागच्या गटारात जाळीच्या रॉकेलचा इंद्रधनुष्यी थर. वापरलेलं ऑइल नियमानं धोकादायक कचऱ्यात मोडतं, २०१६ चे नियम आहेत, पण गटाराला ते माहीत नाहीत. त्यामुळे पर्यावरणासाठी धुण्याचा घ्या असं कुणी म्हटलं, की मी त्याला मागच्या बाजूला नेऊन दाखवतो.

मागच्या उन्हाळ्यात जामनेरकडचे एक आप्पा आले. टाटाची जुनी बारा-दस (१२१०), आता पाण्याचा टँकर केलेली. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, ऑइल बाथ काढून कागदी डबा बसवून घ्या, इंजिन वाचेल. टँकर दिवसभर विहिरीवर इंजिन चालू ठेवून उभा, म्हणजे ऑइल बाथचा दुबळा वेळच जास्त. सल्ला चुकीचा नव्हता. डबा, ब्रॅकेट, पाइप, सगळं मिळून बिल चांगलं झालं असतं. आधी वाटी तरी उघडू म्हटलं. ऑइल ठीक, गाळ बोटभर, जाळी ओली. मग पाइपात फडकं फिरवलं आणि ते मातीनं भरलं. वाटी आणि वरच्या डब्यामधलं, फट बंद करणारं गॅस्केटच नव्हतं. कुणीतरी धुताना काढलं आणि परत घातलं नाही, आणि रबरी पाइप आवळणारा क्लॅम्प तुटलेला म्हणून तिथं बांधकामाची तार पिळलेली. ऑइल बाथ आपलं काम करत होता, निम्मी हवा त्याच्याकडे जातच नव्हती.

"मग नवा डबा?"

"आप्पा, आधी गॅस्केट टाका, क्लॅम्प टाका. उन्हाळा संपला की परत फडकं फिरवू. तेव्हाही माती आली तर डबा बसवू."

आप्पांनी गॅस्केट घेतलं. भाव कमी करून घेतला. क्लॅम्प उलटसुलट करून बघितला, किंमत विचारली, परत काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "राहू द्या, तार मजबूत आहे."